उकिरड्यावरचं नाव

मूल उकिरड्यावर ठेवल्यावर वळून बघायचं नाही, असं थाएसिसने सुनेला बजावून बजावून सांगितलं होतं. पाठ फिरवायची, सरळ वेशीच्या भिंतीआड जाऊन बसायचं आणि आपण नुसती राख टाकायला आलो होतो, असं मनाशी म्हणायचं. मनाशी म्हणणं महत्त्वाचं, कारण मरण मनातलं ऐकतं. हेराइस भिंतीआड उकिडवी बसून तेच म्हणत होती. राख टाकायला आले. राख टाकायला आले. दूध पाझरून अंगावरचं वस्त्र भिजत होतं, आणि राखेसाठी कुणाला पान्हा फुटत नाही हे मरणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले होते.

बेत साधा होता. शेजारची दिदुमे, जिची अर्धा डझन पोरं धडधाकट होती, ती टोपली घेऊन यायची होती. तिने मूल उचलायचं, "अगंबाई, हे काय सापडलं," असं चारचौघांत ऐकू जाईल एवढ्याने म्हणायचं आणि थाएसिसच्या दारी नेऊन मूठभर मिठाच्या बदल्यात तिच्या ओटीत टाकायचं. झालं. मग ते मूल हेराइसचं नाही, तिच्या नवऱ्याचं, होरियोनचं नाही, कुणाचंच नाही. त्याचं नाव कोप्रेस, म्हणजे उकिरड्यावरचा. मरण लाडाकोडाच्या पोरांच्या मागावर असतं. लोकांनी फेकलेला माल उचलायला त्यालाही किळस वाटते.

त्या गावात असे कोप्रेस पुष्कळ होते. एक नावाडी होता, एक जकातनाक्यावर बसायचा. थाएसिसचा बाप कोप्रेसच. त्याचे दात पडले, केस गेले, दोन बायका गेल्या, पण म्हातारा स्वतः जायचं नाव घेईना. शेवटी गेला तेव्हा रडायला त्याच्या वयाचं कुणी उरलं नव्हतं. बापाच्या या चिवटपणावर थाएसिसचा जेवढा विश्वास होता तेवढा, खरं सांगायचं तर, बाप्तिस्म्यावरही नव्हता.

हेराइसची आधीची तीन मुलं गेली होती. पहिल्याचं नाव घरच्या रीतीप्रमाणे होरस देवावरून ठेवलं, ते दात येण्याआधी गेलं. मग ती दोघं नवराबायको ख्रिस्ती झाली आणि दुसऱ्याचं नाव मंडळीच्या, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाच्या, वडीलधाऱ्या गुरूंच्या सांगण्यानुसार प्रेषिताचं, पौलुस ठेवलं. ते तापाने गेलं. तिसरी मुलगी. तिचं नाव झोसिमे, म्हणजे जगणारी. ती नाव ठेवल्याच्या आठवड्यातच गेली. देवाचं झालं, प्रेषिताचं झालं, स्पष्ट शब्दांत विनंती करूनही झाली. आता उकिरडा तेवढा राहिला होता.

अडचण मंडळीची होती. मंडळीने जुने देव सोडले होते, नावं सोडायची मात्र राहून गेली होती. होरियोन हा होरसचा, हेराइस ही हेरा देवीची, आणि या सगळ्यांना मूर्तींपासून दूर राहा म्हणून दर प्रभुवारी कळवळून सांगणारे मंडळीचे वडील नेमेसियोन हे सूडाच्या देवीचे. याला कुणाची हरकत नव्हती. पण मूल उकिरड्यावर ठेवायच्या चालीला नेमेसियोनबाबांची सक्त हरकत होती. मंडळीबाहेरचे परके लोक नको असलेली पोरं खरोखरच टाकतात, आणि आपण ती टाकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर मंडळी गावात ताठ मानेने वावरत होती. खोटंखोटं पाप म्हणजे खऱ्या पापाची तालीम, असं ते म्हणत. म्हणून थाएसिसने गल्लीतला उकिरडा टाळून पश्चिम वेशीबाहेरचा लांबचा उकिरडा निवडला. तिथं मंडळीपैकी कुणी फिरकत नसे.

भिंतीआड हेराइसला बाळाचं रडणं ऐकू आलं. मग ते थांबलं. दिदुमे आली, तिला वाटलं. आता ती "अगंबाई" म्हणेल. ती वाट बघत राहिली. पुष्कळ वेळ कुणी काही म्हणेना, तेव्हा तिने केलं ते, जे करायचं नव्हतं. वळून बघितलं. ढिगावर एक कुत्रं फुटक्या घागरीत तोंड घालून उभं होतं. मूल नव्हतं.

दिदुमे आली ती धापा टाकत, रिकामी टोपली घेऊन. तिला वाटेत नेमेसियोनबाबा भेटले होते. ते एका आजाऱ्यापाशी रात्र काढून परतत होते. एवढ्या पहाटे कुठं निघालीस म्हणून त्यांनी विचारलं. ती गोंधळून, पाव आणायला भट्टीवर, म्हणाली. आणि एकट्या बाईने अंधारात जाऊ नये म्हणून तो भला माणूस तिला सोबत करत उलट्या दिशेच्या भट्टीपर्यंत गेला. एवढंच नव्हे, तिचा पाव घेऊन होईपर्यंत थांबला. टोपलीत खरंच एक पाव होता.

उकिरड्याच्या पलीकडच्या अंगाला हाडं वेचणारी एक म्हातारी होती. तिने मान वर न करता सांगितलं, "क्रोनियोनने नेलं. तो रोज येतो की. तुमचं होतं होय?"

क्रोनियोनला सगळं गाव ओळखत होतं. तो उकिरड्यावरची पोरं उचलायचा, दाया लावून वाढवायचा आणि हाताला येतील तशी आपल्या कापडाच्या मागांवर बसवायचा. कायदा असा, की टाकलेलं मूल उचलणाऱ्याचं, गुलाम म्हणून. त्याच्या घरचं जवसाचं कापड चांगलं असे. हेराइस त्याच्यासाठीच सूत कातत असे.

तो वाईट माणूस नव्हता, आणि हीच पंचाईत होती. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात. त्याने हेराइसला आधी बसायला सांगितलं.

"बाळंतीण दिसतेस. उभी राहू नकोस."

"माझं मूल आहे ते."

"होतं," क्रोनियोन म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. सासू, मीठ, दिदुमे, भट्टी. तो शांतपणे ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, की अशा रडत येणाऱ्या आया त्याला नव्या नाहीत. पूर्वी त्याने दोनदा मुलं परत दिली होती. दोन्ही पुन्हा उकिरड्यावरच मिळाली, आणि त्या खेपेला त्याच्याआधी कुत्री पोचली होती.

"मी खरं टाकलं नव्हतं, शेट. ते खोटं होतं. आमच्यात करतात तसं."

"तुमच्यातच काय, सगळ्यांत करतात. माझ्या आईने माझ्या भावाचं केलं होतं. पण उचलणारी बाई पुढ्यात उभी असते, हाताच्या अंतरावर. तू भिंतीआड बसलीस. का?"

मंडळीला कळू नये म्हणून, असं सांगणं त्या क्षणी तिला मूल टाकण्यापेक्षाही लाजिरवाणं वाटलं.

क्रोनियोनने रीत सांगितली. घराबाहेरचे दोन पुरुष हवेत. त्यांनी सम्राटाच्या, कैसराच्या दैवाची शपथ घेऊन म्हणायचं, की हे मूल या बाईचं, आम्ही तिच्या मांडीवर पाहिलं आहे, आणि ते टाकण्याचा तिचा हेतू नव्हता. बायकांचं आणि घरच्यांचं धरत नाहीत. हा नियम त्याने केलेला नव्हता. विकत देशील का, असंही तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला, की अंगावर पिणाऱ्या पोराचा भाव कुणी करत नाही, जगेल याचा भरवसा नसतो. आणि जगून मागावर बसायला आलं की त्याची किंमत मळ्यात राबणाऱ्या तिच्या नवऱ्याला तिथल्या रहाटासकट विकूनही यायची नाही. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. दाराआड एक दाई दोन पोरं दोन्हीकडे लावून बसली होती आणि तिसऱ्याला पायाने झुलवत होती.

बाहेरचे दोन पुरुष. बाप्तिस्मा झाल्यापासून शेजारच्या परक्यांनी त्यांच्याकडे येणं सोडलं होतं, कारण देवाच्या जत्रेचं मटण ही माणसं खात नसत. बाळंतपणाला कुणी डोकावलं नव्हतं. मूल पाहिलेले पुरुष दोनच: दिदुमेचा नवरा सिल्वानुस आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलेले नेमेसियोनबाबा. दोघेही मंडळीतले. आणि मंडळीतली माणसं कैसराच्या दैवाची शपथ घेत नसत; त्यांच्या लेखी ती कैसराला देव मानण्यासारखीच होती.

सिल्वानुसने बायकोला कोपऱ्यात नेऊन विचारलं, बाबा काय म्हणतात? बाबांनी घेतली तर तोही घेईल, म्हणाला. म्हणजे सगळं बाबांवर आलं.

नेमेसियोनबाबा पूर्वी शाळामास्तर होते. अजूनही कुणी बोलू लागलं की ते मान तिरकी करून चुका ऐकल्यासारखं ऐकत. हेराइसचं ऐकताना मान हळूहळू सरळ झाली. भट्टीचं आलं तेव्हा ते खाली बसले.

"तिला मीच नेलं तिकडं," ते म्हणाले.

तिला वाटलं होतं, ते आधी तिच्यावर चिडतील. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, चल, मी येतो, जे खरं ते सांगतो. शपथेचं काय, असं तिने विचारलं तेव्हा मात्र ते उठता उठता पुन्हा बसले. त्यांचा धाकटा भाऊ एवढ्याच शब्दांपायी खाणीत सक्तमजुरीला गेला होता. चार शब्द म्हण आणि घरी जा, असं त्याला सांगितलं होतं, आणि तो म्हणाला नव्हता. तो खाणीत जगून होता की मेला, हेही कळलं नव्हतं.

"बाबा, प्रायश्चित्त मी करते. तुमच्या वाटचंसुद्धा. जन्मभर मंडळीच्या दाराबाहेर बसते. तुम्ही तेवढं म्हणा."

"पोरी, ते दुसऱ्याने करता येत नाही."

"का? पाप तर माझ्यामुळे होणार."

मास्तरांनी वहाणा चढवल्या. ते तिच्याबरोबर निघाले. वाटेत तीनदा थांबले. एकदा वहाण सारखी केली, एकदा खोकले आणि एकदा नुसतेच थांबले.

क्रोनियोनने त्यांना मान दिला, पाणी दिलं. म्हणाला, कचेरीपर्यंत जायला नको. म्हाताऱ्या माणसाला कशाला हेलपाटा. इथंच, उंबऱ्यावर उभं राहून म्हणा. तुम्ही म्हणालात की सिल्वानुस म्हणेलच. मी मान्य करून मूल देतो.

नेमेसियोनबाबा उंबऱ्यावर उभे राहिले. गल्लीतून येणारीजाणारी चार माणसं थबकली. आत बाळ रडून रडून घोगरं झालं होतं.

"हे मूल हिचं आहे," ते म्हणाले. "मी खरं सांगतो."

"मला माहीत आहे," क्रोनियोन म्हणाला. "पहिल्यापासून माहीत आहे. खरं काय ते कुठं विचारतोय मी? शपथ घ्या."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. हेराइस त्या ओठांकडे अशी बघत होती जणू मूल तिथूनच बाहेर येणार आहे. 'कै' एवढं त्यांच्या तोंडून निघालं, असं पुढं दिदुमे सगळ्यांना सांगत असे. पण ते बहुधा कण्हणं असावं. मग त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि उंबऱ्यावरून खाली उतरले.

एवढ्यात होरियोन पळत आला. तो मळ्यातल्या रहाटाला गाडगी बांधायचं काम करी. कुणीतरी तिकडे निरोप नेला होता. कमरेला दोर तसाच लोंबत होता. काय चाललंय ते त्याला अर्धंच कळलं, पण शपथ हवी आहे एवढं कळलं, आणि त्याने ती घेतली. कैसराच्या दैवाची घेतली, कैसराच्या आईची घेतली, आणि कमी पडू नये म्हणून जे देव तो सोडून आला होता त्या सगळ्यांची एकेक करून घेतली. नेमेसियोनबाबा डोळे मिटून ऐकत होते.

"बापाची धरत नाहीत, दादा," क्रोनियोन म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं.

त्या फुकट गेलेल्या शपथेबद्दल होरियोनला पुढं कितीतरी प्रभुवार मंडळीच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं. थंडीतसुद्धा.

लोक पांगले. हेराइस मात्र उंबऱ्याशीच बसून राहिली. क्रोनियोन आतबाहेर करत होता. शेवटी त्याचं लक्ष तिच्या भिजलेल्या वस्त्राकडे गेलं. तो नजर चोरणारा माणूस नव्हता. त्याचा धंदाच तो होता.

"दूध भरपूर दिसतंय," तो म्हणाला. "माझ्या दाईला तिसरं झेपणार नाही. पाजतेस?"

असं हेराइस आपल्या मुलाची दाई झाली. दुसऱ्या दिवशी रीतसर करार झाला. मूल तिने स्वतःच्या घरी न्यायचं, अंगावरचं तुटेपर्यंत पाजायचं, अधूनमधून आणून दाखवायचं आणि मग परत करायचं. तेवढ्या काळात दुसरं मूल पाजायचं नाही, नवऱ्याजवळ जायचं नाही, पोट वाढू द्यायचं नाही. आणि मूल दगावलं, तर तिने उकिरड्यावरून दुसरं उचलून आणून त्याच्या जागी वाढवायचं. करारात अशा मुलाला 'अमर' म्हणतात. थाएसिसला तो शब्द फार आवडला. आधी माहीत असता तर तेच नाव ठेवलं असतं, असं ती म्हणाली; आणि मग आपणहून चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली.

हमी नेमेसियोनबाबांनी दिली. हमीला शपथ लागत नाही, सही पुरते.

म्हणूनच पळूनही जाता येईना. होरियोनने एकदा नावाड्याशी बोलणं केलं होतं; वर, नदीच्या उगमाकडे, जिथं कुणी ओळखत नाही अशा गावाला. पण ती दोघं पळाली असती तर त्या म्हाताऱ्याला धरून नेलं असतं. हेराइसला त्यांचा राग होता. तेवढा नव्हता. कधीकधी मूल झोपलं की ती त्याच्याकडे बघत तेवढा राग आणायचा प्रयत्न करी, आणि तो जमत नाही म्हणून रडत असे.

घरात त्याला कोप्रेस म्हणत. तेच नाव ठरलं होतं. क्रोनियोनच्या लेखी त्याला नाव नव्हतं. दूध सुटल्याशिवाय तो कुणाला नाव देत नसे, वाया जातात म्हणे.

आणि कोप्रेस जगला. असा जगला, की बघत राहावं. ज्या तापाच्या साथीने गल्लीतली घरं धुऊन काढली, दिदुमेची दोन पोरं नेली, त्या साथीत याला साधी शिंक आली नाही. दिदुमे रडत होती, हेराइस तिच्या गळ्यात पडून रडत होती, आणि हा दोघींच्या मध्ये बसून खजुराची बी चघळत होता. नाव गुणाला आलं होतं. मरणाची पुरती फसवणूक झाली होती. थाएसिस हे कुणाला बोलून दाखवत नसे.

तो बोलू लागला तेव्हा हेराइसने शिकवायला सुरुवात केली. 'आई' त्याने आपणहून उचललं होतं, गल्लीतल्या पोरांचं ऐकून. ते मोडायला तिला फार दिवस लागले. तो आई म्हणाला की ती ऐकायची नाही. दाई म्हणाला की वळायची, खजूर द्यायची. होरियोनला ते बघवेना. तो उठून बाहेर जाई.

एकदा त्याने विचारलं, "एवढं कशाला छळतेस त्याला? आहेत ते दिवस तरी म्हणू दे की."

"तिथं आई आई करून रडला तर कोण ऐकणार आहे, अहो? मार खाईल नुसता. दाई सगळ्यांचीच सुटते."

मग दुसरी तालीम. दारात उभं करायचं, हात सोडायचा, आत जायला सांगायचं आणि मागे बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. मूल हुशार होतं. त्याला तो खेळ वाटला आणि त्यात तो तरबेज झाला.

ठरल्या दिवशी तिने त्याला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं. थाएसिसने त्याला जवळ घेतलं नाही. आपला हात मोडलाय म्हणाली. होरियोन पहाटेच रहाटावर निघून गेला होता. नेमेसियोनबाबा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. ते मागोमाग चालत आले, बरंच अंतर ठेवून.

क्रोनियोनने मुलाचे दात पाहिले, दंड चाचपले, पायांवर चालवून पाहिलं. खूश झाला. एवढं चांगलं वाढवलेलं पोर बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणाला. आणखी एक देऊ का पाजायला? हेराइसने मान हलवली.

"शेट, एक मागणं आहे."

"बोल."

"त्याला नावाची सवय झालीय. तेवढं बदलू नका. कोप्रेस."

क्रोनियोन तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिला. "तेच असतं," तो म्हणाला.

मग त्याने मुलाला आतल्या चौकाच्या दारात उभं केलं. चौकात माग लावलेले होते, जवसाचे गठ्ठे पडले होते, लहानमोठी पोरं कामाला बसलेली होती. हेराइसने हात सोडला. मूल आत गेलं. मागे बघितलं नाही.

"कोप्रेस," क्रोनियोनने हाक मारली.

मागांचा आवाज थांबला. चौकातल्या सगळ्या पोरांनी माना वर केल्या. एक पांगळा होता, एकाला मिसरूड फुटलं होतं, दोघं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून सूत सोडवत होते. सगळे क्रोनियोनकडे बघत होते. तोही त्यांच्यात उभा राहून, जसं शिकवलं होतं तसं, क्रोनियोनकडेच बघत होता.

हेराइसने पदराआड हात नेऊन छाती दाबून धरली. दूध आटून महिना झाला होता.